लॅपटॉप पडून कमी, दबून जास्त फुटतो

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवली ते परळ लोकलचा प्रवास नुकताच सुरू झालाय. कंपनीनं १४ इंची लॅपटॉप दिलाय आणि सोबत त्यांची ती काळी चौकोनी बॅगही. पण ती बॅग, आपली पर्स आणि डब्याची पिशवी असा सगळा जामानिमा घेऊन सकाळच्या गाडीत चढता येत नाही. रोजची खांद्यावरची कॅनव्हासची बॅग आहे, त्यातच लॅपटॉप टाकला तर चालेल का, की फुटेल?

चालेल ताई. मी गेली अठरा वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय. महागड्या बॅगेतून फुटून आलेले लॅपटॉप पाहिलेत आणि साध्या शबनममधून सात-सात वर्षं सुखरूप फिरलेलेही पाहिलेत. बॅग कुठल्या कंपनीची आहे यापेक्षा तिच्यात लॅपटॉपच्या शेजारी कोण बसलंय, हे मी आधी बघतो.

फुटलेली स्क्रीन घेऊन कोणी दुकानात आलं की मी विचारतो, "पडला का?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "नाही हो, काल संध्याकाळी ऑफिसात नीट बंद करून बॅगेत ठेवला, घरी येऊन उघडला तर हे असं." समोरचा खोटं बोलतोय असं घरच्यांना वाटतं, पण तो खरंच बोलत असतो. लॅपटॉप पडलेला नसतो, दबलेला असतो. पडून फुटलेल्या स्क्रीनची चीर सहसा कोपऱ्यातून निघते आणि पंख्यासारखी पसरते. दबून फुटलेल्या स्क्रीनवर मधेच कुठेतरी कोळ्याचं जाळं असतं आणि त्याच्या पोटात शाई सांडल्यासारखा काळा डाग. झाकण मिटून बाहेरच्या बाजूनं त्याच जागी बोट फिरवलं की पुष्कळदा बारीकसा खळगा लागतो.

तो खळगा कुणाचा, हे ओळखायला मला आता वेळ लागत नाही. आपल्याकडच्या चार्जरची थ्री-पिन बघा. दोन पिना छोट्या आणि वरची अर्थिंगची जाड, लांब, पितळी. चार्जर गुंडाळून लॅपटॉपला खेटून ठेवला, बॅगेची चेन लावली, आणि गाडीत ठाण्याला मागून लोंढा आला की ती अर्थिंगची पिन झाकणात बोट रुतवावं तशी रुतते. झाकणाच्या आत स्क्रीनची काच असते. खरं तर दोन काचा, प्रत्येकी अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नसलेल्या, आणि त्यांच्यामध्ये द्रवस्फटिकाचा थर. मागे उजेड पसरवणारे पातळ पापुद्रे. जोर थोडा असेल तर ते पापुद्रे दबतात आणि पांढऱ्या स्क्रीनवर फिकट ठिपके दिसू लागतात. जोर जास्त असेल तर काच जाते. १४ इंची साधा पॅनल बदलायचा म्हणजे चार-पाच हजारांपासून पुढे, आणि टचस्क्रीन असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट धरून चाला. वॉरंटीत हे बसत नाही. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, तुमच्या कंपनीनं घेतलंय का ते विचारून ठेवा.

हल्ली लॅपटॉपच्या जाहिरातीत 'मिलिटरी ग्रेड' असं असतं, त्यावर विसंबू नका. मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी संरक्षण खात्याचं चाचणीचं मानक आहे खरं, पण त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे लॅपटॉप बनवणारी कंपनी निवडते. त्यात डोंबिवली फास्टची चाचणी नाही.

आता तुमची बॅग चालेल की नाही, हे मी इथे बसून सांगण्यापेक्षा तुम्हीच करून बघा. कुठल्याही नव्या बॅगेसाठी मी गिऱ्हाइकांना हेच सांगतो. १४ इंची लॅपटॉप साधारण ३२ सेंटीमीटर रुंद आणि २२ सेंटीमीटर उंच असतो, तुमचा मोजून घ्या. त्या मापाचा खोक्याचा पुठ्ठा कापा, जाडी दीड-दोन सेंटीमीटर होईपर्यंत थर एकावर एक चिकटवा. आठवडाभर लॅपटॉप कंपनीच्याच बॅगेतून न्या, आणि रोजच्या बॅगेत हा पुठ्ठा ठेवा. बाकी सगळं नेहमीसारखं: डबा, बाटली, छत्री, चार्जर, किल्ल्या. हो, त्या आठवड्यात दोन बॅगा होतील, त्याला इलाज नाही. पाच दिवसांनी पुठ्ठा काढून उजेडात धरा. कोपरा दुमडलाय? तिथे लॅपटॉप आपटला असता. मधे खळगा पडलाय? चार्जर किंवा डब्याची कडी. खालची कड भिजून फुगलीय? बाटली झिरपतेय, किंवा ओली छत्री. पुठ्ठा कमानीसारखा वाकलाय? म्हणजे बॅग खांद्यावर लटकली की मधून दुमडते; ही खोड पातळ कापडाच्या झोळ्यांना असते. नुसत्या झोळीत लॅपटॉप ठेवू नये ते याचसाठी.

वाकण्यावर उपाय सोपा आहे. बॅगेच्या तळाला आणि पाठीला बसेल असा पातळ प्लायचा किंवा जाड फाइलच्या पुठ्ठ्याचा तुकडा कापून, कापडात शिवून आत सरकवायचा. आमच्या गल्लीतला पर्स दुरुस्त करणारा हे काम उभ्या उभ्या करून देतो, तुमच्या स्टेशनाजवळही असा कोणीतरी बसत असेलच.

मग स्लीव्ह, म्हणजे लॅपटॉपचं पांघरूण. बाजारात निओप्रीनची, पाणबुडे घालतात तसल्या रबरी कापडाची मिळते, ती चांगलीच. पण मला विचाराल तर गोधडीची घरी शिवलेली स्लीव्ह तिच्या तोडीस तोड आहे. जुन्या सुती साडीचे सहा-सात पदर, वर धावदोरा. दाब पसरवायला याहून छान काही नाही. माप घेताना लॅपटॉपच्या चारी बाजूंना बोटभर जागा सोडा, आणि तळाशी कापडाच्या आणखी घड्या घालून इंचभर जाड उशी करा. तोंडाला धातूची चेन लावू नका, लॅपटॉप काढताना-घालताना कडेला ओरखडे पडतात. साधा कापडी बंद किंवा वेलक्रो पुरे.

तळाची ती इंचभर उशी मात्र टाळू नका. आपण बॅग ठेवतो तेव्हा ती 'ठेवत' नाही, खांद्यावरून सोडतो. फलाटावर, ऑफिसच्या फरशीवर, टेबलाखाली. बॅग टेकायच्या आधी लॅपटॉपची खालची कड कापडातून थेट फरशीवर आपटते. दिवसातून सहा-सात वेळा, वर्षभर. पाठीवरच्या चांगल्या बॅगेत लॅपटॉपचा कप्पा तळापासून दोन बोटं वर लटकलेला असतो, तो याचसाठी. दुकानात बॅग घेताना कप्प्यात हात घालून बघा: बोटांना खाली फरशी जाणवली तर तो लॅपटॉपचा कप्पा नाही, नुसता पडदा आहे.

लॅपटॉप आत कसा उभा करायचा? आडवा, म्हणजे लांब कडेवर, झाकण तुमच्या अंगाकडे आणि खालची बाजू बाहेर, डब्याकडे. खालच्या भागात बॅटरी आणि बोर्डाचा, म्हणजे मदरबोर्डचा, सांगाडा असतो, तो धक्का सोसतो. झाकणाला तुमच्या अंगासारखी मऊ गोष्ट लागू दे. बिजागरी खाली ठेवायची, म्हणजे आपटला तरी मार सर्वांत दणकट कडेला बसतो. माझे एक-दोन धंदेबंधू उलट सांगतात, कारण बऱ्याच लॅपटॉपना बिजागरीकडेच हवेच्या जाळ्या असतात आणि त्यात बॅगेतला चुरा जातो. पण स्लीव्ह असेल तर तो प्रश्न उरत नाही. बॅगेतून काढताना झाकणाचा कोपरा पकडून उपसू नका. बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी नटांत घट्ट केलेले असतात. ओढून ओढून ते नट प्लास्टिकसकट उखडतात आणि मग झाकण उघडताना कर्र आवाज येतो. तो आवाज आला की लगेच दाखवा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आता डबा. यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण लॅपटॉप जिवानिशी जातो तो यानेच. दोन वर्षांपूर्वी एका मुलानं लॅपटॉप आणला: 'सुरू होत नाही, काहीच झालं नाही.' खालचं झाकण उघडलं तर बोर्डावर हळदीची पिवळी रेघ, आणि पंख्याच्या पात्यात अडकलेली मोहरी. अक्षरशः मोहरी, दोन दाणे. मटकीची उसळ होती. डब्याच्या झाकणाची रबरी रिंग सैल झालेली, बॅग आडवी झाली आणि रस्सा निवांत हवेच्या जाळीतून आत गेला. साधं पाणी गेलं तर वाचवायची संधी बरी असते. रश्श्यात मीठ असतं, चहात साखर आणि दूध. मीठ तांब्याच्या रेघा खातं, त्यावर हिरवट-पांढरी पावडर चढते. ती आठ दिवसांनी काम तमाम करते, तेव्हा लॅपटॉप आज सुरू झाला म्हणून सुटलो असं समजायचं नाही.

आपल्या आईवडिलांच्या पिढीत डब्याची पिशवी वेगळी असायची, हातात किंवा मनगटावर. ती सवय परत आणा. हात मोकळा ठेवायचाच असेल तर डबा बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, चार कड्यांच्या झाकणाचा, आणि तोही पोळी-सुकी भाजीचा. पातळ भाजी, आमटी, ताक हे लॅपटॉपच्या बॅगेत नको म्हणजे नको. बाटली बाहेरच्या जाळीत उभी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दीड किलोचा लॅपटॉप, पाऊण किलोचा भरलेला डबा, पाव-एक किलोचा चार्जर यांत ते मिळवलं की एका खांद्यावर साडेतीन किलो होतात. बाटली अर्धी भरून न्या, ऑफिसात पाणी असतंच.

सांडलंच, तर काय करायचं? पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, पूर्ण बंद होऊ द्या. चार्जर लावलेला असेल तर काढा. झाकण उघडून लॅपटॉप तंबूसारखा पालथा ठेवा, कीबोर्ड खाली तोंड करून. मग पुन्हा चालू करून 'बघू नका'. हा मोह कुणालाच आवरत नाही, आणि बोर्ड जळतो तो याच वेळी. हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यात पुरणं नको. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, वर त्याची पिठूळ धूळ पोर्टमध्ये जाते. त्याच दिवशी कुणाकडे तरी उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं बोर्ड धुवून घ्या. तुमचा लॅपटॉप कंपनीचा आहे, तेव्हा आधी त्यांच्या आयटीवाल्यांना सांगा. लपवू नका, हळद लपत नाही.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. झाकण लावलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला, असं नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मोबाइलसारखं 'झोपेतही जागं' राहणारं स्टँडबाय आलं आणि विंडोज १० मध्ये ते मॉडर्न स्टँडबाय झालं. असा लॅपटॉप बॅगेत मेल तपासायला किंवा अपडेट घ्यायला जागा होऊ शकतो. पंखा फिरतो, पण स्लीव्हमध्ये हवा कुठली? परळला काढाल तेव्हा तव्यासारखा तापलेला आणि बॅटरी अर्ध्यावर. बॅटरीच्या तब्येतीला ही उष्णता वाईट. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सखाली झाकण लावल्यावर काय व्हावं ते निवडता येतं, तिथे 'हायबरनेट' ठेवा, म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून लॅपटॉप पूर्ण बंद होतो. ऑफिसनं तो पर्याय लॉक केला असेल तर निघताना सरळ शट डाउन करा आणि दिवा विझल्यावरच बॅगेत घाला. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपला तर हे फारच जरुरीचं, कारण तबकडी फिरत असताना बसलेला धक्का तिला सोसत नाही. तुमच्यात बहुधा एसएसडी असेल, तिला फिरणारा भागच नाही.

कधी टचपॅड वर उचललेला वाटला, किंवा झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. तो लॅपटॉप गर्दीच्या गाडीत नेऊ नका. फुगलेल्या बॅटरीवर दाब देणं म्हणजे आगीशी खेळ.

पावसाचं काय? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री मी कुर्ल्याहून रुळांवरून चालत निघालो होतो. तेव्हापासून माझ्या बॅगेत जाड प्लास्टिकची पिशवी बारा महिने असते. पण असा पाऊस क्वचित. नेहमीचं नुकसान करते ती ओली छत्री. गाडीत चढताना मिटून बॅगेत कोंबलेली, ठिबकणारी छत्री. तिला वेगळी पिशवी द्या, नाहीतर हातात धरा. बॅगेवर चढवायचं रेन कव्हर मिळतं, ते पुढची बाजू झाकतं. पाठीकडची बाजू उघडीच राहते, आणि पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉपचा कप्पा नेमका तिथेच असतो. रेनकोटवरून ओघळलेलं पाणी सरळ तिकडे जातं. म्हणून पाणी बॅगेच्या बाहेर अडवण्यापेक्षा लॅपटॉपजवळ अडवावं. पावसाळ्याआधी बाजारात मीटरवर मेणकापड मिळतं, बाळाच्या दुपट्याखाली घालतो तेच. त्याची पिशवी शिवून घ्या, तोंड दोनदा दुमडता येईल एवढी लांब. स्लीव्ह या पिशवीत. 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेल्या बॅगेचं कापड भुरभुर पाऊस झेलतं. चेन आणि शिवणीतून पाणी येतंच. आणि ऑफिसच्या एसीतला गार लॅपटॉप जुलैच्या दमट हवेत एकदम उघडून सुरू करू नका, पाच-दहा मिनिटं थांबा. थंड ताकाच्या पेल्यावर जमतो तसा दव त्याच्यावरही जमतो.

गाडीतलं थोडं. गर्दीत बॅग पुढे घ्या, पोटाशी, दोन्ही हात खाली आडवे. तुम्हाला चौथी सीट मिळाली तर मांडीवर उभी ठेवा, आडवी ठेवून वर कोपरं टेकू नका. बायकांच्या डब्यात बॅग हातोहात वर रॅककडे जाते, कुणीतरी प्रेमानं "द्या ताई, वर ठेवते" म्हणतं. नको म्हणा. रॅकवर तुमच्या बॅगेवर मुलुंडला दुसरी, भांडुपला तिसरी बसते, आणि घाटकोपरला कुणीतरी वरची बॅग ओढताना तुमची खाली येते. ठेवावीच लागली तर कडेला उभी ठेवा आणि उतरायच्या दोन स्टेशनं आधी मागून घ्या. रॅकवर विसरलेली बॅग रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर कळवता येते. चोरी असेल तर लोहमार्ग पोलिसांत तक्रार. त्यासाठी लॅपटॉपच्या खालच्या लेबलचा, सिरियल नंबरचा फोटो आजच काढून स्वतःला मेल करून ठेवा. बॅग हातून गेल्यावर ते लेबल वाचायला मिळत नाही.

झाकण मिटण्याआधी कीबोर्डावरून हात फिरवायची सवय लावा. पेन, इअरफोन, केसांची पिन, एवढंसं काहीही आत राहिलं तर काच गेली. स्क्रीन आणि बटणं यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर जागा असते. कॅमेऱ्यावर सरकवायचं ते प्लास्टिकचं झाकणसुद्धा काढा. अ‍ॅपलनं २०२० मध्ये मॅकबुकवाल्यांना ते लावून झाकण मिटू नका असं मुद्दाम सांगितलं होतं, आणि ते बाकीच्यांनाही लागू आहे. पेनड्राइव्ह पोर्टमध्ये लावून बॅगेत ठेवलात तर पोर्ट वाकणार.

पुण्यातून कुणी वाचत असेल तर एकच: स्कूटरच्या सीटखालच्या डिकीत लॅपटॉप नको. इंजिनची धग, आणि खड्डा आला की थेट दणका. पाठीवरच बरा, कारण तुमचं अंग बराचसा धक्का आधीच खातं. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हात लावलेल्या बंद कारमध्ये तर पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका.

शेवटी तुमच्या बॅगेबद्दल. कॅनव्हास जाड असेल, वर चेन असेल, आणि पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे चौकोनात फुली मारलेली शिवण असेल, तर वापरा. नुसती सरळ एक शिवण असेल तर आधी डबल करून घ्या, पट्टा तुटतो तो तिथूनच. आणि एक मागणी कंपनीकडे नक्की करा: ऑफिसच्या डेस्कवर कायम ठेवायला दुसरा चार्जर. मिळाला तर ती थ्री-पिन तुमच्या बॅगेत येतच नाही. नाही मिळाला, तर चार्जर जुन्या मोज्यात घालून लॅपटॉपपासून सर्वांत लांबच्या कप्प्यात, पिना बाहेरच्या बाजूला. पुठ्ठा शनिवारी काढाल तेव्हा आधी झाकणाकडची, म्हणजे अंगाकडची, बाजू बघा, मधोमध, अर्थिंगच्या पिनेएवढा खळगा आहे का ते.